भिंत पुसायचे पीठ आणि मुलांचे हात

दिवाळीची सुट्टी जवळ आली, की बालवाडीच्या दारात एक प्रश्न हमखास ऐकू येतो. "बाई, आता इतके दिवस घरात याला गुंतवायचे कशात?" बाई मग दोन-चार गोष्टी सुचवतात. कणकेचा गोळा द्या, मातीच्या पणत्या करू द्या, हाताचे ठसे काढू द्या, किल्ल्याच्या चिखलात खेळू द्या. पालक मान डोलावतात. पण त्यांच्या चेहऱ्यावर बहुधा एक शंका दिसते. हे सगळे वेळ घालवण्यापुरते ठीक आहे, पण यात शिकण्यासारखे काय आहे?

ही शंका जुनी आहे. माती, वाळू, पीठ, रंग असे मऊ, हाताला लागणारे पदार्थ लहान मुलांना द्यावेत का, आणि दिले तर त्यांचे काय करू द्यावे, यावर गेली जवळजवळ दोनशे वर्षे विचार चालू आहे. आपण या लेखात तो इतिहास थोडक्यात पाहू. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा घडताना दिसते. कोणीतरी मोकळा पदार्थ मुलांच्या हाती देते. मोठी माणसे हळूहळू त्याला ठरावीक नमुन्यात बांधतात. मग पुन्हा एखादी शिक्षिका किंवा एखादे घर ती गाठ सोडवते. सणाच्या निमित्ताने होणाऱ्या हस्तकलेत ही गाठ आज आपल्याकडेही बसते आहे, म्हणून हा इतिहास आपल्या कामाचा आहे.

स्फटिकांकडून मुलांकडे

फ्रीडरिश फ्रोबेल हे नाव अध्यापक विद्यालयात आपण सगळ्यांनी पाठ केलेले असते. तो १७८२ साली जर्मनीतील थुरिंगियाच्या डोंगराळ मुलखात जन्मला. नऊ महिन्यांचा असतानाच त्याची आई वारली. त्याच्या आयुष्यातील एक टप्पा मात्र आपल्या पुस्तकांत सहसा येत नाही. १८१४ ते १८१६ या काळात तो बर्लिनमध्ये व्हाइस या खनिजशास्त्रज्ञाच्या हाताखाली खनिजांच्या संग्रहालयात काम करत होता. स्फटिक हातात घ्यायचे, त्यांच्या बाजू आणि कोन पाहायचे, त्यांची वर्गवारी लावायची, असे ते काम. साध्या आकारांतून गुंतागुंतीचे आकार नियमाने कसे तयार होतात, हे त्याने तिथे हाताळून पाहिले.

पुढे १८३७ साली त्याने बाड ब्लांकेनबुर्ग या गावी लहान मुलांसाठी संस्था काढली, आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग असे नाव दिले. तिथल्या साहित्याचे दोन भाग होते. पहिला भाग 'देणग्या'. त्यात लोकरीचे सहा रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन, दंडगोल आणि मग ठोकळे. यांचा आकार बदलत नाही. खेळून झाले की ते पेटीत परत जातात. दुसरा भाग 'व्यवसाय'. त्यात कागदाच्या घड्या, पट्ट्यांचे विणकाम, टोचकाम, शिवण आणि मातीकाम. यात मुलाने जे केले ते तसेच राहते. पदार्थावर आपल्या हाताची खूण उमटते, हे मुलाला इथे कळते.

फ्रोबेलचा भर केवळ शाळेवर नव्हता. १८४४ मध्ये त्याने आयांसाठी गाणी, बोटांचे खेळ आणि चित्रे यांचे एक पुस्तक काढले. घर हीच मुलाची पहिली जागा, हे त्याने धरले होते. १८५१ मध्ये प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. फ्रोबेलच्या कार्ल नावाच्या पुतण्याची राजकीय मते सरकारला खुपत होती आणि बंदीमागे दोघांच्या नावांचा घोळही होता. पुढल्याच वर्षी फ्रोबेल वारला. १८६० मध्ये बंदी उठली. पण तोवर त्याच्या पद्धतीचा प्रसार करणाऱ्या स्त्रिया देशोदेशी पोहोचल्या होत्या. १८५६ मध्ये मार्गारेट शुर्झ यांनी अमेरिकेतील विस्कॉन्सिन प्रांतात आपल्या घरीच एक छोटे किंडरगार्टन सुरू केले. १८६० मध्ये एलिझाबेथ पीबॉडी यांनी बॉस्टनमध्ये दुसरे काढले.

इथून पहिली गाठ बसू लागली. १८६९ च्या सुमारास मिल्टन ब्रॅडली या अमेरिकन खेळणी-उत्पादकाने फ्रोबेलचे साहित्य तयार करून विकायला सुरुवात केली. शाळांची त्यामुळे सोय झाली, यात शंका नाही. पण छापील नमुनेही आले. कोणत्या पट्टीनंतर कोणती पट्टी घालायची, कोणत्या ठिपक्यावर टोचायचे, हे आधीच ठरलेले असे. चार वर्षांची मुले बारीक छिद्रांतून सुई ओवत ताटकळत बसू लागली. १८९० मध्ये लुइव्हिल गावच्या अ‍ॅना ब्रायन यांनी अमेरिकन शिक्षकांच्या परिषदेत या यांत्रिकपणावर जाहीर टीका केली. पुढे माँटेसरीबाईंनी तर पुठ्ठ्यावरची शिवण आणि विणकाम आपल्या पद्धतीतून काढूनच टाकले. एवढे बारीक काम लहान मुलांच्या डोळ्यांना सोसत नाही, हे त्यांचे कारण. त्या स्वतः डॉक्टर होत्या.

वाळूचा ढीग

व्यवसायांचे नमुने घट्ट होत असतानाच दुसरीकडे एक अगदी साधी गोष्ट चालू झाली. बर्लिनच्या सार्वजनिक बागांत मुलांना खेळण्यासाठी वाळूचे ढीग टाकलेले असत. बॉस्टनच्या डॉ. मारी झाक्शेव्स्का यांनी ते पाहिले आणि आपल्या शहरातील मंडळींना कळवले. १८८५ च्या सुमारास बॉस्टनच्या गरीब, दाट वस्तीच्या नॉर्थ एंड भागात एका प्रार्थनाघराच्या आवारात वाळूचा ढीग टाकला गेला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुले तिथे येऊ लागली. अमेरिकेतील सार्वजनिक क्रीडांगणांची सुरुवात अनेक इतिहासकार या ढिगापासून मानतात.

१८८८ मध्ये स्टॅन्ली हॉल या मानसशास्त्रज्ञाने 'एका वाळूच्या ढिगाची गोष्ट' अशा अर्थाच्या नावाचा लेख लिहिला. एका कुटुंबाने सुट्टीतल्या घराच्या अंगणात आपल्या दोन मुलांसाठी गाडीभर वाळू टाकून घेतली होती. शेजारची मुले जमली. त्या वाळूत विहिरी, बोगदे, रस्ते, शेते झाली. उन्हाळ्यामागून उन्हाळे गेले तसे त्याचे एक गावच उभे राहिले. गावाला कायदे आले, चलन आले, भांडणे आली आणि ती मिटवायची रीतही आली. मोठ्यांनी दिली होती ती फक्त वाळू आणि मोकळीक.

आपल्याकडे बांधकामासाठी दारात वाळू पडली, की शेजारची सगळी मुले तिथे जमतात. त्यांना हाकलण्यापूर्वी हॉलचा हा लेख आठवावा, असा आहे.

बोटांची नजर

मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधील सॅन लोरेंझो या कामगारवस्तीत उघडले. त्या दिवशी इटलीत नाताळच्या सणमालिकेतील शेवटचा सण असतो. माँटेसरीबाईंच्या विचारांची मुळे त्यांच्याआधी शंभर वर्षांपर्यंत जातात. फ्रान्समध्ये १८०० साली रानात वाढलेला एक मुलगा सापडला होता. इतार्द या डॉक्टरने त्याला ज्ञानेंद्रियांच्या मार्गाने शिकवण्याचा प्रयत्न केला. पुढे सेगँ या त्याच्या शिष्याने मतिमंद मुलांसाठी साहित्य तयार केले. माँटेसरीबाईंनी ते साहित्य अभ्यासले, बदलले आणि सर्व मुलांसाठी वापरले.

त्यांच्या शाळेतील मुले डोळ्यांवर पट्टी बांधून मखमल, रेशीम, लोकर आणि सुती कापड बोटांनी ओळखत. खरखरीत कागदाची अक्षरे दोन बोटांनी गिरवत. स्पर्शाच्या पाठाआधी मुलांनी हात स्वच्छ धुऊन कोमट पाण्यात बुडवावेत, असे त्या सांगत; त्याने बोटांची जाण वाढते, असा त्यांचा अनुभव होता.

त्याच्या शरीरशास्त्राकडे जरा पाहू. १८३४ मध्ये अर्न्स्ट वेबर या जर्मन शास्त्रज्ञाने स्पर्शावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचा प्रयोग कोणत्याही वर्गात करता येतो. कंपासच्या दोन बोथट टोकांनी एकाच वेळी त्वचेला स्पर्श करायचा आणि डोळे मिटलेल्या माणसाला विचारायचे, टोके किती लागली, एक की दोन? बोटाच्या शेंड्यावर टोकांमध्ये दोन-तीन मिलिमीटर अंतर असले तरी ती दोन आहेत हे कळते. पाठीवर मात्र चार सेंटिमीटरच्या आसपास अंतर लागते. त्याहून जवळ असतील तर दोन टोके एकच वाटतात. पुढे १९३७ मध्ये मॉन्ट्रियल येथील मेंदूचे शल्यविशारद वाइल्डर पेनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्याने, शरीराच्या कोणत्या भागाला मेंदूत किती जागा मिळते, याचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात सगळी पाठ आणि पोट मिळून जेवढी जागा घेतात, त्याहून कितीतरी जास्त जागा हात आणि ओठ यांना मिळालेली दिसते. लहान मूल प्रत्येक वस्तू हातात घेते आणि मग तोंडात घालते, यामागे अशी सोय आहे.

मातीच्या गोळ्याने शास्त्रज्ञांनाही शिकवले आहे. जिनिव्हाचे झाँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी मुलांसमोर मातीचे दोन सारखे गोळे ठेवले. एक गोळा मुलाच्या देखतच लांबट वळून त्याची वळकटी केली आणि विचारले, आता माती कशात जास्त? चार-पाच वर्षांची मुले सहसा म्हणतात, लांब आहे त्यात जास्त. सात-आठ वर्षांची मुले सांगतात, दोन्हींत सारखीच, परत गोळा केला तर तेवढाच होईल. हे काम १९४१ मध्ये पुस्तकरूपाने आले. मूल घरी कणीक पुन्हा पुन्हा लाटते, मोडते, गोळा करते, तेव्हा याच प्रश्नाभोवती ते खेळत असते.

काजळी गेली, पीठ उरले

मातीचा एक तोटा शिक्षकांना पहिल्यापासून जाणवत होता. ती वाळते आणि तडकते. इंग्लंडमधील बाथ शहरातील कलाशिक्षक विल्यम हार्बट यांनी १८९७ मध्ये न वाळणारी माती तयार केली. तिचे नाव प्लॅस्टिसीन. ती शाळाशाळांतून गेली. पण ती घट्ट असे, थंडीत तर फारच. तीन वर्षांच्या मुलाला ती मळायची म्हणजे मोठ्या माणसाने आधी मऊ करून द्यावी लागे.

त्याच सुमाराला रंगाचीही अशीच गोष्ट घडली. १९२० च्या दशकात रूथ शॉ या अमेरिकन शिक्षिका रोममध्ये मुलांची शाळा चालवत होत्या. त्या सांगत, की एका मुलाला जखमेवर लावायला आयोडीन देऊन न्हाणीघरात पाठवले, तर तो तिथल्या भिंतीवर बोटांनी आयोडीन फासताना सापडला. त्यांनी त्या मुलाच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहिला आणि बोटांनी फासता येईल असा निर्धोक, दाट रंग तयार करायला घेतला. १९३४ मध्ये बोटांच्या रंगकामावर त्यांचे पुस्तक आले. कुंचला धरता न येणाऱ्या मुलाला त्यांनी रंगाचे दार उघडून दिले.

आता येते ती सणाची खरी गोष्ट. अमेरिकेत घराघरांत कोळशाच्या शेगड्या असत आणि भिंतींना नक्षीचे कागद चिकटवलेले असत. हिवाळा संपला की कागदावर काजळी साचलेली दिसे. कागद धुता येत नसे. मग पीठ, मीठ, पाणी असल्या साध्या पदार्थांचा एक मऊ गोळा मिळे. तो भिंतीवरून फिरवला की काजळी त्याला चिकटून निघून येई. सिनसिनाटी येथील कुटॉल ही कंपनी १९३० च्या दशकापासून हे भिंत पुसायचे पीठ मोठ्या प्रमाणावर करत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर कोळशाऐवजी तेल आणि गॅसच्या शेगड्या आल्या. काजळी कमी झाली. शिवाय पाण्याने पुसता येईल असा प्लॅस्टिकचा भिंतकागदही आला. पीठ कोणी घेईना. कंपनी बुडायच्या बेताला आली.

कंपनीचा तरुण चालक जो मॅकव्हिकर याची मेहुणी के झुफॉल न्यू जर्सीमध्ये बालवाडी चालवत होती. नाताळ जवळ आला होता. भिंत पुसायच्या पिठापासून मुलांना सणाच्या शोभेच्या वस्तू करता येतात, असे तिने एका मासिकात वाचले. तिने ते पीठ आणून मुलांपुढे ठेवले. मुलांनी लाटले, कापले, आकार केले. प्लॅस्टिसीनशी झगडणारी छोटी बोटे या पिठात सहज रुतत होती. तिने जोला कळवले. पिठातून सफाईचे द्रव्य काढून टाकण्यात आले आणि रंग घालण्यात आला. जोने त्याला एक लांबलचक, कारखानी नाव द्यायचे ठरवले होते. के आणि तिच्या नवऱ्याने सुचवले, 'प्ले-डो', म्हणजे खेळायची कणीक. १९५६ मध्ये ती बाजारात आली. आधी ती फक्त पांढरी होती. १९५७ पासून लाल, निळी, पिवळीही मिळू लागली. तिचे पेटंट १९६५ मध्ये मंजूर झाले.

या गोष्टीत शिक्षकांनी एक बारकावा लक्षात घ्यावा. नाताळच्या वस्तू करायच्या होत्या, हे निमित्त होते. झुफॉलबाईंनी वस्तू कशा झाल्या यापेक्षा मुलांचे हात काय करत आहेत, हे पाहिले. त्यामुळेच तो शोध लागला. सणाला एखादी वस्तू टांगून संपते. मुलांचा तो गोळा मात्र सण संपल्यावरही चालू राहिला.

अर्थात इथेही पुढे नमुना आलाच. कणकेबरोबर साचे आले, दाबयंत्रे आली. कणीक दाबली की तयार फूल किंवा तयार प्राणी बाहेर येतो. मुलाच्या बोटांचे काम यंत्राने घेतले.

आपल्या अंगणात

आपल्याकडे हा विचार शाळेत आणला तो गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी. १९२० मध्ये गिजुभाईंनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. १९२३ मध्ये ताराबाई त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरीबाई स्वतः १९३९ मध्ये मद्रासला आल्या आणि युद्धाच्या काळात इथेच राहिल्या. पण त्यांचे साहित्य महाग होते. १९४५ मध्ये ताराबाईंनी ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर जिल्ह्यातील) बोर्डी येथे ग्रामबालशिक्षा केंद्र काढले, तेव्हा हा प्रश्न रोजचाच झाला. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे १९५७ मध्ये त्या कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. तिथे शिंपले, बिया, खडे, पाने, माती हेच साहित्य झाले. मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच अंगणात नेली, आणि 'अंगणवाडी' हा शब्द रूढ झाला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेच्या केंद्रांना तेच नाव मिळाले.

या मंडळींच्या आधीपासून आपल्या सणांनी मात्र मुलांच्या हाती हे पदार्थ दिलेलेच होते. आषाढी अमावास्येला घरात कणकेचे दिवे उकडतात. त्या वेळी परातीजवळ बसलेल्या मुलाला एक गोळा मिळतोच. पोळ्याला किंवा बेंदराला मातीचे बैल होतात. गणपतीच्या आधी शाडू येतो. दिवाळीत अंगणात शिरगोळ्याची पांढरी रांगोळी पडते आणि कोपऱ्यात किल्ला उभा राहतो. विटा, दगड, त्यावर बारदान, बारदानावर चिखल. वर पेरलेले अळीव किंवा मोहरी चार-सहा दिवसांत उगवून हिरवळ दिसू लागते. माती किती ओली हवी, उतार किती धरतो, बोगदा का ढासळतो, बी पाण्याने का वाहून गेले, हे सगळे तिथे हातांनी कळते.

कळते म्हणजे काय, ते पाहू. चिकणमातीचे कण दोन मायक्रोमीटरहूनही लहान आणि पातळ पापुद्र्यांसारखे असतात. त्यांच्यामध्ये पाण्याचा थर असतो, म्हणून ते एकमेकांवरून सरकतात, पण सुटत नाहीत. माती हव्या त्या आकारात राहते. पाणी उडून गेले की पापुद्रे जवळ येतात, माती आकसते. बाहेरची बाजू आधी वाळली तर ती आधी आकसते आणि तडा जातो. चुलीच्या मातीत भुस्सा किंवा शेण मिसळतात ते हे तडे रोखण्यासाठी. कणकेत वेगळे घडते. गव्हातील ग्लुटेन हे प्रथिन पाण्याने भिजून लवचीक जाळे बनवते. म्हणून कणीक ताणली तर लांबते आणि सोडली तर थोडी मागे येते. माती तशी मागे येत नाही. चार वर्षांच्या मुलाला प्रथिनाचे नाव सांगायची गरज नाही. एका हातात कणीक आणि दुसऱ्या हातात माती दिली, तर हा फरक ते आपणच सांगते.

आता गाठ कुठे बसते आहे? बाजारात दिवाळीच्या आधी प्लास्टर ऑफ पॅरिसचे तयार किल्ले मिळतात; घरी आणायचा आणि मावळे मांडायचे. रांगोळीची छापील चिकटचित्रे मिळतात. बालवाडीतही सणाचे 'क्राफ्ट' असते. त्यात आकाशकंदिलाचा कागद बाई कापतात, घडी बाई घालतात, मूल एक टिकली चिकटवते आणि पंचवीस मुले पंचवीस सारखे कंदील घेऊन घरी जातात. बाईंनाही हे मनातून आवडत नसते. पण पालकांना वस्तू हवी असते, संस्थेला फोटो हवा असतो. दीडशे वर्षांपूर्वीच्या ठिपक्यावरच्या टोचकामात आणि या कंदिलात फारसे अंतर नाही. नुकसान कंदिलाचे होत नाही. मुलाच्या बोटांना जे करायचे होते ते राहून जाते.

सुट्टीसाठी

म्हणून सुट्टीपूर्वीच्या पालकसभेत शिक्षकांनी थोडे वेगळे बोलावे, असे आम्हाला वाटते. वस्तूंची यादी देण्याऐवजी पदार्थांची यादी द्यावी. काही साध्या सूचना अशा :

खेळायची कणीक घरी होते. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, चमचाभर तेल आणि थोडे थोडे करत साधारण वाटीभर पाणी. हळद किंवा बिटाच्या रसाने रंग येतो. मिठामुळे ती लवकर बुरसत नाही, तेलामुळे हाताला चिकटत नाही. झाकणाच्या डब्यात ठेवली तर काही दिवस टिकते. मीठ फार असल्याने ती खाऊ मात्र देऊ नये. खायची असेल तर गूळ घातलेली, उकडायच्या दिव्यांची कणीक वेगळी मळावी.

हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवावा आणि मुलाला साबणाच्या पाण्यात बोट बुडवून त्यावर चित्र काढू द्यावे. पिवळ्यावर तांबड्या रेघा उमटतात. साबणाचे पाणी अल्कधर्मी असते आणि हळदीचा रंग अल्कात तांबडा होतो. जुन्या काळी हळदीपासून कुंकू करत, त्यामागे हेच रसायन आहे.

ठशांसाठी भेंडी, बटाटा, पिंपळाचे पान आणि स्वतःचा पंजा पुरतो. रांगोळीची पूड उधळू देऊ नये; ती बारीक धूळ श्वासाबरोबर आत जाते. मुलासाठी ताटात तांदळाचे पीठ किंवा रवा पसरून द्यावा आणि बोटाने गिरवू द्यावे. प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्यात कालवल्यावर घट्ट होताना तापते, त्यात मुलाने हात घालू नये. टिकल्या, मणी, डाळीचे दाणे तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती एकट्याने देऊ नयेत. ते नाकात आणि घशात जातात.

आणि एक महत्त्वाची गोष्ट पालकांना आवर्जून सांगावी. मुलाशेजारी बसावे, पण त्याचा गोळा हातात घेऊन 'असा कर' म्हणू नये. त्याच्या दिव्याला वात ठेवायची जागा नसेल तर नसू दे. आपल्याला करावेसे वाटले तर आपण आपला वेगळा गोळा घ्यावा. मूल बघते, आणि हवे तेवढे घेते.

सुट्टी संपल्यावर मुले शाळेत येतील, तेव्हा त्यांनी काय करून आणले याचे प्रदर्शन मांडण्याआधी त्यांना एक-दोन प्रश्न विचारून पाहावेत. तुझा चिखल कधी तडकला? कणकेत पाणी जास्त झाले तेव्हा काय केलेस? किल्ल्यावर आधी काय उगवले? उत्तरे तोकडी असतील, काही मुले हातांनीच करून दाखवतील. ती उत्तरे वहीत लिहून ठेवावीत. वर्षभर मातीकामाच्या तासाला त्यांचा उपयोग होतो, आणि शिकण्यासारखे काय आहे असे विचारणाऱ्या पालकांना दाखवायलाही ती वही पुरते.